मुद्रा कोणाची, मुख कोणाचे?

आज एका नवलाच्या गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. गोष्ट सिनेमाची आहे, गाण्याची आहे आणि यंत्राची आहे. कोणी म्हणेल, "महाराज, तुम्हाला हो कशाला सिनेमाची उठाठेव? माळकऱ्याने एकादशी करावी, हरिपाठ म्हणावा, वारी चुकवू नये, म्हणजे झाले." खरे आहे. पण सिनेमा आता थिएटरात राहिला आहे काय? तो प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला. वारीच्या मुक्कामाला राहुटीत डोकावून बघा. हरिपाठ आटोपला की निम्म्या मंडळींच्या हातात तो लहानसा दिवा पेटलेला असतो. तेव्हा जे खिशात आहे त्याचा विचार टाळून कसे चालेल?

आता गोष्ट ऐका. २०१३ साली 'रांझणा' नावाचा एक हिंदी चित्रपट आला. काशीच्या गल्लीबोळात वाढलेला कुंदन नावाचा एक वेडा प्रेमिक, त्याची ती कथा. दिग्दर्शक आनंद राय, आणि कुंदनाचे काम केले तमिळ नट धनुष यांनी. शेवटी हा कुंदन इस्पितळात मरतो. प्रेम म्हणून त्याने जे जे केले त्याचे फळ त्याच्या पदरात पडते आणि तो जातो. हाच चित्रपट तमिळ भाषेत 'अंबिकापती' या नावाने निघाला होता. बारा वर्षे गेली. २०२५ च्या १ ऑगस्टला तो तमिळ चित्रपट पुन्हा थिएटरात लावला, आणि या खेपेला त्याचा शेवट बदलला. बदलला कोणी? दिग्दर्शकाने नव्हे, नटाने नव्हे, लेखकानेही नव्हे. कंपनीने यंत्राकडून बदलून घेतला. ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ते यंत्र. खाटेवर मेलेला कुंदन डोळे उघडतो, उठून बसतो, जवळची माणसे आनंदाने रडतात. खेळ खलास!

दिग्दर्शक म्हणाले, मला कोणी विचारलेसुद्धा नाही. धनुष म्हणाले, यात चित्रपटाचा आत्माच काढून घेतला आहे, बारा वर्षांपूर्वी मी ज्याला होकार दिला तो हा चित्रपट नव्हे. कंपनीचेही म्हणणे ऐकले पाहिजे, एकाच बाजूचे ऐकून निवाडा करणे बरे नव्हे. कंपनी म्हणाली, चित्रपटाचे हक्क आमचे, पैसा आमचा, मूळ चित्रपट आहे तसा आहेच, हा दुसरा पर्याय आम्ही उघडपणे सांगून दाखवीत आहोत. कागदावर पाहू गेले तर कंपनी मालक आहे, यात वाद नाही.

पण श्रोतेहो, मालक निराळा आणि कर्ता निराळा. शेतकऱ्याने बैल विकला म्हणजे बैलाचा मालक बदलतो. पण त्या बैलाला ज्याने वासरू असताना लळा लावला तो बदलतो काय? कर्तेपण विकता येत नाही, आणि विकत घेताही येत नाही.

आळंदीचे उदाहरण घ्या. कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींच्या समाधीचा सोहळा असतो. नामदेवरायांच्या वंशजांचे कीर्तन होते. तो प्रसंग शके १२१८ चा, म्हणजे सव्वासातशे वर्षांहून जुना. पुढे काय होणार हे मंडपातल्या पोराबाळांनासुद्धा ठाऊक असते. ज्ञानोबा आसनावर बसणार, निवृत्तिनाथ धाकट्या भावाचा हात सोडणार, शिळा लागणार. ठाऊक असूनही दर वर्षी सारा मंडप रडतो. आता समजा, एखाद्या कीर्तनकाराला श्रोत्यांची दया आली आणि त्याने सांगितले, "आणि मंडळी, एवढ्यात शिळा बाजूला सरली, माउली हसत बाहेर आले, चौघेही भावंडे आपेगावाला घरी गेली!" काय होईल? एकवीस वर्षांचा मुलगा वाचला, सगळ्यांना आनंद व्हावयास हवा. पण टाळकरी टाळ खाली ठेवून उठून जातील. का बरे? रडणे गोड लागते म्हणून काय? नव्हे. जे घडले ते सांगणाराने सांगावे आणि ऐकणाराने सोसावे, या करारावर कथा उभी असते. श्रोत्याला हवे ते घडवून देऊ लागले की ती कथा राहात नाही, ती गिऱ्हाइकी होते.

तमिळनाडूत त्या बदललेल्या शेवटाला काही ठिकाणी टाळ्या पडल्या म्हणतात. पडल्या असतील. मरणाऱ्याने उठावे असे कोणाला वाटत नाही? यंत्राचे सारे बळ तर येथेच आहे. ते तुमच्याशी भांडत नाही, तुम्हाला जे हवे तेच तुमच्यापुढे वाढते.

हे झाले रूपाचे. आवाजाचे याहून अवघड आहे.

२०२४ च्या जानेवारीत 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटाचे एक गाणे बाहेर आले. संगीतकार ए. आर. रहमान. त्या गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन गायकांचे आवाज होते. लोक चकित झाले, कारण बाक्या २०२२ साली वारले आणि शाहुल हमीद तर १९९७ सालीच एका मोटार अपघातात गेले. मेलेली माणसे नवे गाणे कसे गातील? तर त्यांच्या जुन्या गाण्यांवरून यंत्राने आवाज घडविला होता. रहमान यांनी लगेच सांगितले की, दोन्ही घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि त्यांना योग्य तो मोबदलाही पोचविला आहे. त्याच सुमारास एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या मुलाने एका तेलुगु चित्रपटाच्या निर्मात्यांना वकिलाची नोटीस धाडली. बालसुब्रह्मण्यम २०२० साली गेले. त्यांचा आवाज त्या चित्रपटात असाच यंत्रातून काढून वापरला होता आणि घरच्यांना विचारले नव्हते, ही तक्रार.

एकाने विचारले, दुसऱ्यांनी विचारले नाही. तेव्हा पहिले शहाणे, दुसरे चोर, असे म्हणून पुष्कळांनी विषय मिटविला. रहमान यांनी सचोटीने केले हे मीही म्हणतो. पण माझे मन तेथे थांबत नाही. परवानगी कोणी दिली? मुलाबाळांनी. गाणाराने दिली काय? तो तर नाही. बापाचे घर मुलाकडे जाते, बापाची विहीर, बापाचे कर्जही मुलाकडे जाते. बापाची जीभ मुलाकडे जाते काय?

यंत्र हे करते तरी कसे, तेही थोडे समजून घेऊ. भ्यायचे असले तरी समजून भ्यावे. २०२३ च्या आरंभी मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संशोधकांनी एक यंत्रणा जाहीर केली. तिला शिकविण्यासाठी त्यांनी सुमारे ६०,००० तासांचे इंग्रजी वाचन ऐकविले होते. हजारो माणसांचे वाचन. त्यातून माणूस कसा बोलतो, स्वर कोठे चढतो, श्वास कोठे घेतो, याचा एक ठोकताळा यंत्राने मनाशी बांधला. मनाशी म्हणण्याची ही आपली सवय, यंत्राला मन नाही. असा ठोकताळा एकदा बसला की मग नव्या माणसाच्या आवाजाचा अवघ्या तीन सेकंदांचा तुकडा पुरतो. तीन सेकंद म्हणजे किती? "राम कृष्ण हरी, माउली, कसे आहात?" एवढे म्हणेपर्यंत. तेवढ्या शिदोरीवर यंत्र त्या माणसाच्या सुरात हवे ते वाक्य बोलून दाखविते. कुंभाराने एक घागर हातात धरून पाहिली आणि तशीच दुसरी चाकावर घडविली, असे म्हणा हवे तर. फरक एवढाच की दुसऱ्या घागरीत पाणी कोठल्या आडाचे आहे ते चाकाला ठाऊक नसते.

आता कोणी म्हणेल की मग हे यंत्रच फेकून द्यावे. थांबा, घाई नको. याच विद्येची दुसरी बाजू सांगतो.

इंग्लंडात 'बीटल्स' नावाचा चार गायकांचा मेळ होता. आपल्याकडे त्यांचे नाव पोचले ते विशेषकरून १९६८ साली, जेव्हा ते ध्यान शिकण्यासाठी हृषीकेशला येऊन राहिले. त्यांतले जॉन लेनन यांचा १९८० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये राहत्या घराच्या दाराशी गोळ्या घालून खून झाला. त्याच्या आधी तीनेक वर्षे, घरच्या पियानोवर बसून, साध्या कॅसेटवर त्यांनी एक गाणे अर्धेमुर्धे टिपून ठेवले होते. १९९४ साली त्यांच्या पत्नी योको ओनो यांनी त्या फिती बाकीच्या सोबत्यांना दिल्या. १९९५ साली तिघांनी बसून ते गाणे पुरे करण्याची खटपट केली. जमेना. पियानोच्या आवाजाखाली गाणाराचा आवाज बुडालेला, त्यात विजेची घरघर. नाद सोडला. पुढे २००१ साली जॉर्ज हॅरिसनही गेले. राहिले दोघे. मग २०२२ साली पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाच्या माणसांनी यंत्र शिकवून त्या जुन्या फितीतून आवाज तेवढा वेगळा काढला. सुपात धान्य पाखडतात ना, दाणे एकीकडे आणि फोल एकीकडे, तसे. दाणा त्या माणसाचाच, यंत्राने फक्त पाखडले. जॉर्ज यांनी १९९५ साली वाजवून ठेवलेली गिटारही त्यात घेतली, आणि २ नोव्हेंबर २०२३ ला ते गाणे निघाले. २०२५ साली त्याला अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

पण गंमत पुढेच आहे. गाणे निघण्याच्या पाच महिने आधी पॉल मॅकार्टनी एका मुलाखतीत सहज बोलून गेले की यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग केला आहे. झाले! एकही सूर न ऐकता जगभर भांडण पेटले. मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटे शब्द घातले म्हणून कोणी शिव्या देऊ लागला, कोणी त्यांची बाजू घेऊन उलट शिव्या देऊ लागला. शेवटी मॅकार्टनींना सांगावे लागले की बाबांनो, यात काहीही बनावट घडविलेले नाही, जे ऐकाल ते खरेच आहे, आम्ही फक्त साफ केले. बाजारात म्हशीचे मोल ठरायच्या आधी दुधावरून डोकी फुटावी, तशातला प्रकार. हल्ली नव्या यंत्राची बातमी आली की हे असेच होते. ऐकण्यापूर्वी पक्ष ठरतो.

तेव्हा यंत्र तेच. एके ठिकाणी त्याने पाखडले, दुसरे ठिकाणी पेरले. पाखडणे आणि पेरणे यांतला भेद ध्यानात न घेता सगळ्यालाच चांगले म्हणणारे आणि सगळ्यालाच वाईट म्हणणारे सारखेच घाईचे.

आपल्या संप्रदायाला हा भेद नवा नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे तीनशे वर्षे तिच्या नकला होत गेल्या. लिहिणाराच्या हातून ओळ गळावी, शब्द बदलावा, हे व्हायचेच. पण काही भाविकांनी आपल्या पदरच्या ओव्याही मध्ये घातल्या. त्यांचा हेतू वाईट होता असे म्हणवत नाही. कोणाला वाटले असेल, येथे अर्थ जरा उघडून सांगावा. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराजांनी जुन्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि ग्रंथ शुद्ध केला. नाथ स्वतः केवढे कवी! त्यांनी भागवतावर हजारो ओव्या लिहिल्या. त्यांना ज्ञानेश्वरीत दहा सुंदर ओव्या घालता आल्या नसत्या काय? एकही घातली नाही. उलट पुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये अशी ताकीद शेवटी लिहून ठेवली. तो नरोटीचा दृष्टांत आपणा सर्वांस पाठ आहे, येथे पुन्हा देत नाही. नाथांनी पाखडले, पेरले नाही. आणि जे स्वतःचे पेरावयाचे ते स्वतःच्या शेतात, एका जनार्दनी अशी आपली मुद्रा घालून पेरले.

तुकोबांच्या गाथ्याचे तर काय सांगावे. सरकारी खर्चाने १८६९ आणि १८७३ साली पंडितांनी जुन्या वह्या ताडून दोन भागांत गाथा छापला. तरी कोणता अभंग अस्सल आणि कोणता मागाहून शिरलेला, हा वाद अजून चालूच आहे. आता यात एक बारकावा आहे. सालोमालोची गोष्ट सर्वांना माहीत आहे. तो तुकोबांच्या अभंगाला आपले नाव लावी. ती चोरी सर्वांना कळते. पण आपला अभंग करून त्याला तुकोबांचे नाव लावणारा, तो कोण? त्याने काही घेतले नाही, उलट दिले, असे वाटते. मोठा नम्र माणूस! पण नीट पाहा. मुद्रा म्हणजे शोभेची वेलबुट्टी नव्हे. मुद्रा म्हणजे मी हे बोललो, याचा जाब मला विचारा. तुकोबांनी आपल्या नावाने जे म्हटले त्याचा जाब त्यांना देहूत द्यावा लागला. वह्या पाण्यात गेल्या त्या त्या मुद्रेपायी. जो आपला शब्द दुसऱ्याच्या मुद्रेखाली लपवितो तो नम्र नाही, तो जाब चुकवितो.

येथे कोणी मला अडवील. "महाराज, मग प्रभातच्या सिनेमाचे काय?" बरोबर आहे, विचारावेच. १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' काढला. मुंबईत एका थिएटरात तो वर्षाहून अधिक चालला. विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांचे काम असे केले की भाविक त्यांच्याच पाया पडत असे सांगतात, आणि कित्येक घरांत तुकोबा म्हणून जी तसबीर लावलेली असते तिच्यात पागनिसांचाच चेहरा दिसतो. त्या चित्रपटात बीज, रोप आणि वृक्ष यांवरचे एक गीत आहे. शेकडो भजनी मंडळे ते तुकोबांचा अभंग म्हणून गातात. ते तुकोबांचे नव्हे. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेले आहे. मग ही बनावट नव्हे काय? नव्हे, असे माझे मत. आठवल्यांनी त्यात तुकोबांची मुद्रा घातली नाही, आणि गीतकार म्हणून आपले नाव लपविले नाही. पागनिसांचेही नाव पडद्यावर होते. आपणच भक्तीच्या भरात विसरलो. सोंग घेणारा सोंगाड्या आपले नाव सांगतो तोवर ते सोंग आहे. भारुडात नाथांनी जोशी आणले, वासुदेव आणला, महारीण आणली, पण कोणी फसले नाही. नाव झाकले की सोंगाची लबाडी होते. शेजारच्या भजनी मंडळाला मी एवढेच म्हणतो की ते गीत खुशाल गा, गोड आहे, पण आधी आठवल्यांचे नाव घ्या.

आता आपल्या घरात आलेली गोष्ट सांगतो. गेल्या आषाढीच्या आधी आमच्या ओळखीच्या एका दिंडीत हा प्रकार झाला. त्या दिंडीचे वयोवृद्ध कीर्तनकार वारले त्याला नऊ वर्षे झाली. त्यांच्या कीर्तनाच्या अकरा कॅसेटी राहिल्या आहेत. तरुण मंडळींनी त्या यंत्राला ऐकविल्या आणि महाराजांच्या आवाजात एक नवे निरूपण तयार केले. सात-आठ मिनिटांचे. शेवटी महाराज म्हणतात की वाटेत पाण्याचे हाल होतात, दिंडीसाठी पाण्याचा टँकर घ्यावयाचा आहे, प्रत्येकाने यथाशक्ती हात लावावा. बैठकीत ते ऐकविले. आवाज हुबेहूब. तो खाकरणे, तो 'बरं का माउली' म्हणून थांबणे, सगळे. दोनचार जणांनी डोळे पुसले. पैसेही जमू लागले.

एक आजी पुढे बसल्या होत्या. महाराजांच्या हातून माळ घातलेल्या. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि मग तशीच हातात धरून विचारले, "म्हाराज गेलं न्हवं का? मग हे कवा बोललं?" कोणी समजावले. आजी म्हणाल्या, "न्हाई बाबा. म्हाराजांनी गादीवरनं कधी पैसा मागितला न्हाई. हे त्येंचं न्हवं." आणि पुरचुंडी पुन्हा कमरेला खोचली.

खरेच होते ते. महाराजांचा तो नेमच होता. नारदाच्या गादीवरून दक्षिणेचा शब्द काढावयाचा नाही. एकदा एका बड्या देणगीदाराचे नाव कीर्तनात घ्या म्हणून गळ पडली, तर वीणा खाली ठेवून उठले होते. त्यांच्या आवाजातला सूर यंत्राला सापडला. त्यांचे 'नाही' सापडले नाही. ते कॅसेटीत कसे असेल? माणूस जे बोलला ते फितीवर उतरते. जे बोलावयाचे त्याने नाकारले ते कोठेच टिपलेले नसते, ते फक्त त्याच्याजवळ असते आणि ज्यांनी त्याला पाहिले त्यांच्याजवळ. यंत्राला काहीही बोलावयास सांगा, ते बोलते. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला किंमत काय?

पोरे हिरमुसली. त्यांच्यातला एकजण मजकडे आला. शिकलेला, सालस मुलगा. म्हणाला, "महाराज, टँकर चांगलाच ना? निरूपणातले विचार त्यांचेच ना? मग पाप काय झाले?" मी त्याला म्हटले, चांगले आहे ना? मग तुझ्या तोंडाने सांग. उभा राहा आणि म्हण, मंडळी, पाणी नाही, टँकर हवा. तो म्हणाला, "माझे कोण ऐकणार?" हेच तर, श्रोतेहो, साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे. आपले कोणी ऐकत नाही म्हणून ज्याचे ऐकतात त्याचे तोंड उसने घ्यावयाचे. सिनेमावाल्याचे, जाहिरातवाल्याचे आणि या पोराचेही दुखणे एकच. पण ज्यांचे लोकांनी ऐकले त्यांनाही आधी कोणी ऐकत नव्हते. ते ऐकू येण्यासाठी त्यांनी चाळीस वर्षे पाय झिजविले. ती चाळीस वर्षे सात मिनिटांत उचलावयाची म्हणजे फार झाले.

तो मुलगा पुढच्या बैठकीत उभा राहिला. चाचरत बोलला. टँकरला पैसे जमले, पहिल्यापेक्षा कमी जमले, म्हणून टँकर या वर्षी भाड्याने घेतला. आजींनी दिले.

मोठ्या लोकांनी याच कारणासाठी कोर्टाची पायरी चढली आहे. अनिल कपूर यांनी २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयातून हुकूम मिळविला, त्यात त्यांचा तो 'झकास' शब्दही आला. २०२४ साली जॅकी श्रॉफ यांनी तसेच केले, त्यात 'भिडू' आला. आता झकास म्हणावयास काय कोर्टाची परवानगी हवी, असे म्हणून कोणी हसेल. तसे नाही. आपण आपल्या गावात सुखाने झकास म्हणावे, त्यांचे नाव, चेहरा, आवाज लावून त्या शब्दावर धंदा करू नये एवढाच अर्थ. गायकांपैकी अरिजित सिंग २०२४ साली आणि आशा भोसले २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि कोणाचाही आवाज फिरवून त्यांच्यासारखा करून देणाऱ्या यंत्रांना न्यायालयाने अटकाव केला. चांगले झाले. पण ज्यांच्याजवळ वकील आहे त्यांचे हे झाले. गावच्या भजनी बुवाचा आवाज कोणी उचलला तर तो कोणत्या कोर्टात जाईल?

आणि गरिबाचा आवाज तर निराळ्याच कामाला लागतो. मुलाच्या आवाजात आईला फोन येतो, "आई, मी अडकलोय, लगेच पैसे पाठव." आई आवाज ओळखते आणि पाठविते. हे फक्त भोळ्याभाबड्यांचे होते असे समजू नका. २०२४ साली हाँगकाँगची बातमी सर्व जगाने वाचली. एका मोठ्या कंपनीतला हिशेबाचा माणूस. त्याला पडद्यावरच्या बैठकीत बोलाविले, वरिष्ठ साहेब समोर, इतर सहकारी समोर, सगळे ओळखीचे चेहरे, ओळखीचे आवाज. त्यांच्या सांगण्यावरून त्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. मागाहून कळले की त्या बैठकीत खरा माणूस तो एकटाच होता, बाकी सारे यंत्राने घडविलेले. आपण मायेचे दृष्टांत देतो, दोरीवर साप दिसला म्हणून सांगतो. येथे तर दोरीसुद्धा नव्हती!

म्हणून घरोघर एक रीत घाला. असा फोन आला की तो ठेवा, आणि आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर आपण होऊन फोन लावा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, घरच्यांवाचून कोणाला ठाऊक नसलेला. पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा. आणि एखाद्या महाराजांच्या, पुढाऱ्याच्या, नटाच्या आवाजात काही भडक ऐकू आले तर पुढे धाडण्यापूर्वी त्या आजींचा प्रश्न विचारा, हे ते कधी बोलले, कोठे बोलले, समोर कोण होते? २०२४ च्या जानेवारीत सचिन तेंडुलकर यांच्या तोंडी एका खेळाच्या ॲपची जाहिरात घालून ती सर्वत्र फिरली, तेव्हा खुद्द त्यांना जाहीरपणे सांगावे लागले की हा मी नव्हे. त्यांचे लोक ऐकतात, म्हणून खुलासा पोचला.

असो. त्या अकरा कॅसेटींचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. त्याच मुलाने त्या आता साफ करावयास घेतल्या आहेत. तेच यंत्र, पण पाखडण्यापुरते. चार झाल्या. घरघर गेली, मृदंग सुटा ऐकू येतो, आणि एकीत मध्येच महाराज बोलता बोलता थांबतात व मागच्या पोरांना गप्प बसावयास सांगतात, तेही ठेवले आहे, काढले नाही. प्रत्येक फितीवर गाव आणि तिथी लिहिली आहे. जेथे आवाज पुसून गेला आहे तेथे यंत्राकडून भरून न घेता जागा तशीच मोकळी ठेविली आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या कीर्तनांच्या फिती असतील तर त्या उन्हापासून आणि ओलीपासून जपाव्यात, कोणाचे कीर्तन, कोणत्या गावी, कोणत्या साली, हे आठवत असलेले माणूस घरात आहे तोवर विचारून वर लिहून ठेवावे.